साडेसहा हजारांचा बेस, पंचावन्न हजारांची भेट

पत्राचा सारांश: वाचक 31 वर्षांच्या आहेत, नागपुरात मानेवाडा भागात राहतात, औषधांच्या दुकानात नोकरी करतात. कॉलेजात असताना बेस गिटार शिकल्या. आता एका ऑर्केस्ट्रात वाजवतात: लग्नांची रिसेप्शन, गणपती, नवरात्र, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम. त्यांचा बेस लाल, प्लायवुडचा, आखूड. आठ वर्षांपूर्वी साडेसहा हजारांत सेकंडहँड घेतलेला. बरोबरची मंडळी त्याला ‘खेळणं’ म्हणतात. मिस्टरांनी पंचावन्न हजार रुपये साठवले आहेत आणि लग्नाच्या वाढदिवसाला नामांकित कंपनीचा बेस द्यायचं मनात धरलं आहे. दुकानात नेऊन दाखवलाही. वाचक लिहितात, ‘दुकानातला छानच होता, पण घरी आले आणि आपलाच काढून वाजवत बसले. मला चांगल्या वस्तूची पारख नाही, की मी हट्टी आहे? मिस्टरांचं मन मोडवत नाही. काय करू?’ शिवाय एक छोटा प्रश्न: ऑर्केस्ट्रातल्या एकाने त्यांच्या बेसच्या डोक्यावर मोठ्या कंपनीच्या नावाचं स्टिकर चिकटवलं आहे. ते राहू द्यावं का?

ताई,

‘घरी आले आणि आपलाच काढून वाजवत बसले’ ही ओळ तुम्ही चूक कबूल केल्यासारखी लिहिली आहे. मला ती चूक वाटत नाही. आठ वर्षं एका वाद्यावर फिरलेल्या हातांची ती साक्ष आहे, आणि साक्ष आधी नीट ऐकून घ्यायची असते. म्हणून अडाणी की हट्टी, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तुमच्या हातांना त्या लाल बेसमध्ये काय सापडतं, ते आधी पाहू.

घरातला शिवणकामाचा टेप घ्या. चाव्यांच्या खालच्या खाचा पाडलेल्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे खाली बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंत, तार मोजा. तुम्ही ‘आखूड’ म्हणता त्यावरून माझा अंदाज 30 इंचांचा आहे. दुकानातला बहुतेक 34 इंची असणार. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून तेच माप रूढ झालं. चार इंचांनी काय होतं, असं वाटेल. पण फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कुठे बसवायचे हे तारेच्या लांबीवरून ठरतं, म्हणून फरक थेट बोटांखाली येतो. 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळपास 13 सेंटिमीटर अंतर असतं, 30 इंचीवर साडेअकरा. लहान पंजाच्या माणसाला रिसेप्शनमध्ये दोन-अडीच तास उभं राहून वाजवताना हा दीड सेंटिमीटर मनगटात जाणवतो. दुकानात बोटं ताणावी लागली आणि ‘आपला सराव कमी पडतो’ असं तुम्हाला वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. सरावाचा तिथे काही संबंध नव्हता. ते माप तुमच्या हाताला मोठं होतं.

दुसरी गोष्ट ताणाची. तीच तार, त्याच सुरात, 34 ऐवजी 30 इंचांवर चढवली तर तिच्यावरचा ताण सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतो. तार बोटाखाली मऊ लागते, जरा जास्त झुलते आणि आवाज गोल, भरदार येतो. काहींना हा आवाज आवडत नाही. सर्वांत जाड तार त्यांना ढिली वाटते, सूर टोकदार हवा असतो. ढोलकी आणि ऑक्टापॅडच्या मागे मला स्वतःला हा गोल आवाजच जास्त शोभतो असं वाटतं. हे माझं मत आहे, तुमच्या कीबोर्डवाल्याचं वेगळं असू शकेल.

तेव्हा पारख नाही हे मला पटत नाही. तुमच्या हातांनी माप आणि ताण बरोबर ओळखले, फक्त त्यांना नाव काय द्यायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बीटल्सचा पॉल मॅकार्टनी 1961 मध्ये जर्मनीत हँबर्गमध्ये वाजवत होता. फेंडरचा बेस त्याला परवडणारा नव्हता. त्याने सुमारे 30 पौंडांत हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला: पोकळ, हलका, 30 इंची. तो डावखुरा होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला हा बेस उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता, हेही एक कारण होतं. पुढे त्याला जगातला कुठलाही बेस घेता आला असता. 1963 मध्ये मिळालेला त्याच जातीचा दुसरा हॉफनर घेऊन तो अजूनही रंगमंचावर येतो. पहिला 1972 मध्ये चोरीला गेला होता. तो सापडल्याची बातमी 2024 मध्ये आली, तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं लोटली होती.

हे उदाहरण मी ‘बघा, मोठे लोकही स्वस्तातलं वाजवतात’ असं म्हणायला दिलेलं नाही. असा दिलासा फार दिवस टिकत नाही. मला सांगायचंय ते असं, की स्वस्त वाद्य दोन तऱ्हांनी स्वस्त होतं, आणि तुमचं कुठल्या तऱ्हेचं आहे हे तुम्हाला कळायला हवं.

एक तऱ्हा विचार करून केलेल्या काटकसरीची. अमेरिकेत न्यू जर्सीत नेथन डॅनियल नावाच्या माणसाने 1947 मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनी सुरू केली. सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी तो गिटारी आणि बेस बनवायचा, सामान्य घरातल्या पोरांना परवडतील असे. लाकडाची साधी चौकट, आणि तिच्या वर-खाली हार्डबोर्ड. आपण परीक्षेला तो तपकिरी कडक पॅड नेतो ना, त्याच जातीचा. पिकअप, म्हणजे तारेची कंपनं पकडून त्यांची वीज करणारं वेटोळं, बसवायला त्याने लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. त्या तयार मिळत होत्या आणि आतल्या वेटोळ्याला बाहेरच्या विजेच्या गुणगुणीपासून थोडा आडोसाही करत होत्या. ब्रिजवर तार टेकायला लाकडाची एक पट्टी. पैसा कुठे वाचवला तर चालतं आणि कुठे नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कंपनी 1969 मध्ये बंद पडली. त्या गिटारींचा खणखणीत, किंचित पोकळ आवाज मात्र लोकांना इतका लागला की लेड झेपेलिनच्या जिमी पेजसारखा वादक ती घेऊन मोठ्या मैफली करायचा, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते नाव पुन्हा बाजारात आलं. जपानमध्ये टिस्को कंपनीनेही 1960 च्या दशकात अशाच स्वस्त गिटारी काढल्या. त्यांच्या सोनेरी पत्र्याच्या पिकअपसाठी आज वादक मुद्दाम जुन्या गिटारी शोधतात. हार्डबोर्डमधून असा आवाज निघतो, याचा अर्थ इलेक्ट्रिक वाद्यात आवाजाचा मोठा वाटा तार, पिकअप आणि ॲम्पचा असतो. ‘प्लायवुड आहे, त्यातून काय आवाज येणार’ हे तुमच्या ऑर्केस्ट्रातलं वाक्य म्हणूनच मला घाईचं वाटतं.

दुसरी तऱ्हा हलगर्जीपणाची. आजकाल स्वस्त गिटारींचं लाकूड आणि फ्रेटच्या खाचासुद्धा संगणकावर चालणाऱ्या मशीन कापतात, त्यामुळे मापं पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी असतात. कात्री लागते ती शेवटच्या तासाला. शेवटी एका माणसाने वाद्य मांडीवर घेऊन फ्रेटची टोकं घासायची, नटच्या खाचा खोल करायच्या, नेकचा, म्हणजे वाद्याच्या लांब मानेचा, बाक बसवायचा, प्रत्येक तारेचा सूर बाराव्या फ्रेटवर जुळवायचा. हा तास महाग असतो, म्हणून तो गाळला जातो. साडेसहा हजारांच्या बेसमध्ये आणि पंचावन्न हजारांच्या बेसमध्ये जो फरक दुकानात बोटांना पहिल्या मिनिटात कळतो, तो बऱ्याचदा याच तासाचा असतो.

आणि माझ्या मते या वाद्यांची ओढ इथूनच लागते. राहिलेला तास मालकाला भरून काढावा लागतो. तुम्ही लिहिलंय की फ्रेटची टोकं बोटाला कापायची म्हणून तुम्ही कानशीने घासलीत, आणि सैल झालेली पिन बसायची जागा वडिलांकडून सोल्डर करून घेतलीत. कारखान्यात राहून गेलेलं काम तुमच्या घरी पुरं झालं. अमेरिकेतल्या रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने आपली प्रसिद्ध गिटार अशीच घडवली होती, गाठीमुळे दुय्यम ठरलेली 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरचा नेक जोडून. महागड्या वाद्याला कानस लावायला हात धजत नाही. स्वस्तावर धजतो, आणि असं करता करता माणूस वाद्य आतून ओळखायला लागतो.

पण सगळीच स्वस्त वाद्यं जीव लावण्याजोगी नसतात, हेही ऐका. सुतार रंधा मारताना फळी डोळ्यासमोर धरून एका डोळ्याने पाहतो, तसा बेस ब्रिजकडून धरा आणि नेकच्या दोन्ही कडांवरून नजर फिरवा. सारखा, हलका बाक असेल तर काळजी नाही. आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तो सरळ करते. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका, आणि अडली तर जोर लावू नका. नेक मात्र दोरीसारखा पिळलेला असेल तर त्यावर पैसे घालू नका, मग तो कितीही लाडका असो. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर पाहा. फरक असेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून जुळतो का ते बघा. जागा संपेपर्यंत फिरवूनही जुळला नाही, तर तुमचा बेस वरच्या फ्रेटवर कायम बेसूर राहणार. हे दोन मुद्दे तपासल्याशिवाय भावनेवर निर्णय घेऊ नका. ज्यांच्याकडे असा स्वस्त बेस किंवा गिटार धूळ खात पडली आहे, त्यांनीही विकण्याआधी हे दहा मिनिटांत पाहून घ्यावं.

तपासणीत पास झाला तर जाणत्या माणसाकडून पूर्ण सेटअप, म्हणजे तो राहिलेला तास, करून घ्या आणि तारा बदला. घेताना आखूड स्केलच्याच घ्या. लांब तारा कापून चढवल्या तर जाड वेटोळ्याचा भाग चावीवर येतो आणि तार उकलते किंवा तुटते. नॉब फिरवताना येणारी खरखर बऱ्याचदा आत साचलेल्या धुळीची असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. आणि आपल्या नागपूरचं म्हणाल, तर मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि कोरडी हवा, आत कूलरची ओल. लाकडाला एवढा फरक सोसत नाही. बेस कूलरच्या झोतात भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि मंडपाबाहेर उभ्या गाडीच्या डिकीत दुपारभर तर मुळीच नको. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, म्हणून फ्रेटची टोकं पुन्हा टोचायला लागतात. तुम्ही घासली होती ती चुकीची घासली, असं त्यावरून समजू नका.

आता एक अवघड प्रश्न विचारतो, रागावू नका.

तुम्हाला हा बेस खरंच आवडतो, की स्वतःवर पंचावन्न हजार खर्च व्हावेत हे तुम्हाला झेपत नाही? तुमच्या पत्रात ‘एवढ्यात घराचा रंग होईल’ असं एक वाक्य आहे. आपल्याकडच्या बायकांची बरीच पत्रं मला येतात, आणि स्वतःसाठी घ्यायच्या वस्तूचा भाव लागलीच गॅस, फी, रंग यांत मोजला जातो. मिस्टरांच्या मोटारसायकलचा भाव असा मोजला गेला होता का? तुमचं उत्तर मला माहीत नाही. पण एक करून पाहा. डोळे मिटा आणि असं धरा, की दोन्ही बेस फुकट आहेत, एकच घरी न्यायचा आहे. कुठला उचलाल? लालच उचलाल, तर तुमची आवड खरी आहे. हात दुसऱ्याकडे गेला, तर आजवर काटकसर आवडीच्या रूपात बोलत होती, आणि मग ती भेट मोकळ्या मनाने घ्या.

यात माझाही अनुभव आहे. 1990 च्या दशकात मी इथेच एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. लोक काय म्हणतील या विचाराने पतसंस्थेचं कर्ज काढून परदेशी गिटार घेतली. मंडपातली धूळ, गर्दी, स्टेजवर ये-जा करणारी पोरं, या सगळ्याची इतकी धास्ती वाटायची की ती दिवाणाखाली पेटीतच राहिली आणि कार्यक्रमाला मी मित्राची प्लायवुडची गिटार नेत राहिलो. तीन वर्षांनी विकली. त्याचं दुःख मला आजही आहे, कारण वाद्य उत्तम होतं आणि मी ते वाजवलंच नाही. दुसरीकडे, त्याच प्लायवुडच्या गिटारीने एका रेकॉर्डिंगला मला अडवलं. वरच्या फ्रेटवर सूर लागेना, संगीतकाराने तासभर वाट पाहिली आणि माझ्याऐवजी दुसऱ्याला बोलावलं. तो माणूस चुकला नव्हता. दोन्ही आठवणी मी बरोबर बाळगतो, म्हणून ‘स्वस्तच चांगलं’ असं तुम्हाला सांगायला माझी जीभ वळत नाही.

मिस्टरांविषयी. त्यांना बेसमधलं फार कळत नाही असं तुम्ही लिहिता. मग नामांकित कंपनीच का? मला वाटतं, ऑर्केस्ट्रातली पोरं ‘खेळणं’ म्हणतात तेव्हा तुमचा चेहरा त्यांनी पाहिलेला असणार. त्यांना तो शब्द पुसायचा आहे. पैसे साठवले ते त्यासाठी. हे समजून घेतलंत, तर ‘मला नको’ असं तोडून बोलावं लागणार नाही. त्यांना सांगा, ‘मला हवंय, पण काय हवंय ते आपण मिळून शोधू.’ आणि एकदा सरावाला घेऊन जा, पाहुणे म्हणून नव्हे, ऐकायला. तुमचा आवाज खरंच कुठे कमी पडतो ते त्यांच्या कानांनाही कळू दे.

माझा अंदाज सांगू? तो ॲम्पमध्ये कमी पडत असणार. तुम्ही 15 वॉटच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर वाजवता आणि मंडपात तोच माइकसमोर ठेवता. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. त्या छोट्या स्पीकरला तो मूळ स्वर पेलतच नाही, फक्त वरची गुणगुण ऐकू येते. त्यावर पंचावन्न हजारांचा बेस लावला तरी लोक ‘खेळणं’च म्हणतील. तेव्हा पहिला खर्च बऱ्या बेस ॲम्पवर करा, किंवा बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर, जो ॲम्पपेक्षा खूपच स्वस्त पडतो. मग सेटअप आणि तारा. उरलेल्या पैशांत, दोघांनाही वाटलं तर, नीट बांधलेला 30 इंची बेस. तसे बेस चांगल्या कंपन्याही बनवतात, दुकानदाराने पुढे केला नाही म्हणजे नसतो असं नाही. कार्यक्रम घेणाऱ्याकडे दोन वाद्यं असावीतच. रिसेप्शनच्या मध्यात तार तुटली की दुसरा बेस हाताशी लागतो. नवा आला म्हणून लाल विकू नका, निदान एक वर्ष तरी. साडेसहा हजारांच्या वस्तूचे परत मिळून मिळणार किती!

एक गोष्ट ज्यात थट्टा नको. मंडपातल्या विजेवर वाजवताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर बेसला दोष देऊ नका आणि वाजवूही नका. अर्थिंगमध्ये बिघाड आहे. इलेक्ट्रिशियनने पाहीपर्यंत वायर काढून ठेवा, आयोजक कितीही घाई करोत. बेसच्या तारांना हात लागल्यावर स्पीकरमधली गुणगुण कमी होणं वेगळं. ते बहुतेक बेसमध्ये होतंच, घाबरू नका.

आता स्टिकर. ते काढा. ज्याने लावलं त्याने तुमची बाजू सावरायलाच लावलं असेल, त्याला तसं सांगा आणि त्याच्यासमोरच काढा. उद्या हा बेस कुणाच्या हाती गेला, तर त्या नावाला भुलून एखादं पोरगं जास्त पैसे मोजेल. शिवाय कानशीने घासलेले फ्रेट आणि वडिलांनी सोल्डर केलेली वायर असलेल्या वाद्यावर परक्याचं नाव मला बघवणार नाही. काढताना ब्लेडने खरवडू नका, खालचा लाल रंग निघेल. हेअर ड्रायरने कोमट करा, एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा, आणि राहिलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून घ्या.